ॲक्शन कॅमेऱ्याच्या रॉ फोटोतली झाक: मधली वेगळी, कोपऱ्यांतली वेगळी

ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला गेलेल्या बोटीतून ॲक्शन कॅमेऱ्याने (गोप्रोसारख्या छोट्या कॅमेऱ्याने) काढलेला रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेला, फोटो कंप्युटरवर उघडावा, तर मधला भाग लालसर आणि चारी कोपरे हिरवट-निळे. बहुतेक जण लगेच व्हाइट बॅलन्सची (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी) पट्टी ओढतात. कोपरे जरा सुधारतात, पण मधले चेहरे आजारी दिसू लागतात. कारण व्हाइट बॅलन्स अख्ख्या फोटोला एकच माप लावतो आणि कोपऱ्यांचं दुखणं तिथल्यापुरतंच असतं.

म्हणून आधी निदान. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) तात्पुरतं +१०० करा आणि ढगाळ आकाश किंवा पांढरी भिंत असलेला फोटो बघा. झाक सगळीकडे सारखी असेल तर ती प्रकाशाची. मध्यापासून कडांकडे बदलत गेली तर ती लेन्स आणि सेन्सरची. ॲक्शन कॅमेऱ्याची लेन्स फार रुंद असते, त्यामुळे कडेचे किरण सेन्सरवर तिरके पडतात. तिरक्या किरणांसाठी इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर लाल प्रकाशही थोडा जास्त कापतो, शिवाय एका पिक्सेलचा प्रकाश शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो. जेपीईजीमध्ये कॅमेरा हे स्वतःच निस्तरतो. रॉ फाइलमध्ये दुरुस्तीचा नकाशा, म्हणजे गेन मॅप, असला तरी सॉफ्टवेअरने तो वाचला पाहिजे. एकाच फोटोचा जेपीईजी स्वच्छ आणि रॉ डागाळलेला, असं दिसलं तर पहिला संशय इथेच घ्या.

गोप्रोची रॉ फाइल जीपीआर असते. ती ॲडोबीच्या लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडते. रॉथेरपी हे मोफत सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर ॲडोबीच्या डीएनजी कन्व्हर्टरमधून आधी डीएनजी (ॲडोबीची रॉ फाइल) करून घ्या, आणि लॉसी, म्हणजे माहिती गाळणाऱ्या, कॉम्प्रेशनचा पर्याय बंद ठेवा. रॉथेरपीच्या रॉ टॅबमध्ये फ्लॅट-फील्डखाली फाइलमधला गेन मॅप वापरायचा पर्याय दिसला तर आधी तो लावून बघा. तेवढ्याने भागलं तर पुढची खटपट नको.

नाही भागलं, तर फ्लॅट फ्रेम, म्हणजे सगळीकडे सारखा उजेड असलेला कोरा फोटो, काढा. ३ मिमी जाडीची दुधी ॲक्रिलिक शीट घ्या, ६ × ६ सेंमीचा तुकडा पुरतो. साइनबोर्डवाल्याकडे कापलेले तुकडे पडलेले असतात. शीट लेन्सला अगदी चिकटवून धरा. मध्ये फट राहिली तर बाजूने प्रकाश शिरतो आणि सगळं मुसळ केरात. कॅमेरा ढगाळ किंवा सावलीतल्या आकाशाकडे करा, सूर्याकडे नाही. आयएसओ १००, हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर साधारण मध्यावर, कुठलाही रंग टोकाला जाऊन कापलेला नको. लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) किंवा टेम्पर्ड काच लावून फोटो काढले असतील तर फ्लॅटही ते लावूनच काढा.

इथे ॲक्शन कॅमेऱ्याचा एक मोठा फायदा आहे. ज्यांचं ॲपर्चर बदलत नाही आणि झूमही नाही, त्यांची एकदा काढलेली फ्लॅट फ्रेम वर्षभर चालते. फक्त प्रकाश बदलला की इन्फ्रारेड फिल्टरचा परिणामही बदलतो, म्हणून एक फ्लॅट दिवसाच्या उजेडाची आणि एक घरातल्या पिवळ्या दिव्याची, अशा दोन जवळ ठेवा.

रॉथेरपीत ही फाइल फ्लॅट-फील्डमध्ये निवडा. ब्लर टाइप एरिया, त्रिज्या ३२ पासून सुरू करा. शीटवरची धूळ फोटोत उमटली तर त्रिज्या वाढवा. लाइटरूम क्लासिकमध्ये फ्लॅट आणि फोटो एकत्र निवडून लायब्ररी मेनूतून फ्लॅट-फील्ड करेक्शन चालवा. तिथे नवीन डीएनजी फाइल तयार होते, तेव्हा डिस्कवर जागा ठेवा.

व्हाइट बॅलन्स यानंतरच. क्रम उलटा केलात तर व्हाइट बॅलन्स पुन्हा करावा लागेल. ड्रॉपर (रंग टिपायचं साधन) फोटोतल्या ग्रे कार्डवर, म्हणजे रंग तपासायच्या राखाडी कार्डावर, टाका. साध्या झेरॉक्स कागदावर नको, कारण त्यात उजळपणासाठी घातलेली द्रव्यं उन्हात निळसर चमकतात आणि फोटो नको इतका पिवळा होतो. खाडीतला चिखलही राखाडी वाटतो, पण नसतो. कार्डवर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे एक-दोन टक्क्यांच्या आत आले की थांबा. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स ऑटोऐवजी ५५०० केल्विनवर बांधून ठेवा. रॉ डेटात त्याने फरक पडत नाही, पण सगळे फोटो एकाच जागेवरून सुरू होतात आणि एकाची दुरुस्ती शंभरांवर चिकटवता येते.

पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या रानात पानांतून गाळून आलेला प्रकाश खरोखरच हिरवा असतो. लाइटरूममध्ये टिंटची पट्टी +१० ते +२५ मॅजेंटाकडे (जांभळट गुलाबीकडे) न्या, पण हिरवेपणा पूर्ण काढू नका, नाहीतर रान प्लॅस्टिकचं दिसेल. बोटीतल्या नारिंगी लाइफ जॅकेटची झाक हनुवटीवर पडते. ती अख्ख्या फोटोवर नव्हे, चेहऱ्यापुरता मास्क करून तिथलं टेम्परेचर थोडं निळ्याकडे नेऊन काढायची.

अंधाऱ्या फोटोंत फक्त सावल्या जांभळ्या दिसत असतील तर गुन्हेगार वेगळा आहे: ब्लॅक लेव्हल, म्हणजे ज्या आकड्याला शुद्ध काळा धरलं जातं ती पातळी. काळ्यातला उरलेला अंश व्हाइट बॅलन्सच्या गुणाकारात लाल आणि निळ्यात वाढतो. लेन्स पूर्ण झाकून एक फोटो काढा. तोही जांभळा आला तर खात्री झाली. मग रॉथेरपीत रॉ ब्लॅक पॉइंट्सच्या पट्ट्या थोड्या थोड्या वाढवा, हा फोटो रंगहीन होईपर्यंत. तीच मूल्यं त्याच आयएसओच्या बाकी फोटोंना लावा.

जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखालच्या फोटोवर मात्र वेळ घालवू नका. त्या दिव्याचा बहुतेक प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळ्या पट्ट्यात असतो, बाकीचे रंग सेन्सरपर्यंत धड पोचतच नाहीत. पट्टी निळ्याकडे कितीही ओढली तरी फक्त दाणे वाढतात. तो फोटो कृष्णधवल करून टाका.