खाडा पडला तर काय करायचं? इंदूरच्या सरकारी शाळांतल्या पालकांसाठी

माझी सगळी नोकरी इंदूरच्या शासकीय शाळांत वर्गशिक्षिका म्हणून झाली. आता निवृत्त आहे, पण जानेवारी लागला की रामबागेतून, सुदामानगरातून, वैशालीनगरातून कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. "काकू, मुलाची हजेरी कमी भरतेय म्हणतात. तुमच्या ओळखीनं काही होईल का?" ओळखीनं काही होत नाही हो. रजिस्टरच्या महिनावार बेरजा तोवर होऊन गेलेल्या असतात, खाली प्राचार्यांची सही झालेली असते. म्हणून जे जुलैत सांगायला हवं, ते इथे एकदाच लिहून ठेवते.

आधी इयत्ता बघा

पालक नेहमी दोन वेगळे नियम एकत्र करतात. कोणी म्हणतं, "कायद्यानं नाव कापता येतच नाही." कोणी म्हणतं, "75 टक्के नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत." दोघांचंही खरं आहे, फक्त वेगवेगळ्या इयत्तांसाठी.

आठवीपर्यंत शिक्षणाचा अधिकार कायदा लागू आहे. तो 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, मग खाडे कितीही होवोत. पण याचा अर्थ "आलं काय, न आलं काय, पास होणारच" असा लावणारे अजून भेटतात, त्यांनी जागं व्हावं. 2019 मध्ये कायदा बदलला. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा आता खरोखरची परीक्षा आहे, आणि मध्य प्रदेशात ती बोर्डाच्या धर्तीवर होते. नापास झालं तर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा, आणि तिथेही नाही जमलं तर त्याच वर्गात बसवता येतं. याच कायद्यानं शाळेलाही बांधलंय: पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवी 220 दिवस आणि 1000 तास शिकवायचं. शिवाय पालकांना बोलावून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं काम म्हणून कायद्यात लिहिलेलं आहे. तेव्हा हजेरी विचारायला जाताना उगाच संकोच करू नका.

नववीपासून खेळ बदलतो. भोपाळचं माध्यमिक शिक्षा मंडळ असो की केंद्रीय विद्यालयातलं सीबीएसई, नियमित विद्यार्थ्याला 75 टक्के हजेरी लागते.

75 टक्के म्हणजे 25 टक्के सुट्टी नव्हे

इथे थोडं थांबते, कारण सगळे घोळ इथेच होतात.

टक्केवारी काढतात ती शाळा जितके दिवस भरली त्यावर. आपल्याकडे सत्र 1 एप्रिलला सुरू होतं. बरेच मराठी घरवाले मात्र मनातल्या मनात महाराष्ट्रासारखं जूनमध्येच वर्ष सुरू करतात. "एप्रिलमध्ये काय शिकवतात? पुस्तकंसुद्धा हातात नसतात," असं म्हणून नागपूरला, पुण्याला मुंजी-लग्नांना निघून जातात. तो एप्रिल रजिस्टरात असतो बरं. मग महालक्ष्म्यांचे तीन दिवस, दिवाळीला जोडून चार दिवस जास्तीचे, डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न, मधे एक डेंग्यू, आणि झालं.

हिशोब असा करा. समजा डिसेंबरअखेर शाळा 180 दिवस भरली आणि मूल 130 दिवस हजर आहे. हे 72 टक्के झाले. पुढे शाळा आणखी 20 दिवस भरणार असेल आणि मूल एकही खाडा न करता आलं, तर 200 पैकी 150, बरोबर 75. मधे एक दिवस ताप आला की गेलं. आणि मूल सीबीएसईच्या शाळेत दहावी-बारावीला असेल तर तेवढीही सवड नाही, तिथे 1 जानेवारीपर्यंतची हजेरी धरतात. आपल्या मंडळाच्या परीक्षाही हल्ली फेब्रुवारीतच सुरू होतात, त्यामुळे मार्चपर्यंत भरून काढू या भरवशावर कोणी राहू नये. त्रैमासिक परीक्षेचा निकाल घ्यायला सप्टेंबर-ऑक्टोबरात जाल तेव्हा मार्कांबरोबर हजेरीचा आकडाही विचारा. 80 च्या खाली असेल तर त्याच दिवशी कॅलेंडर घेऊन बसा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रजेचा अर्ज दिला म्हणजे हजेरी लागली असं होत नाही. मंजूर रजेचा दिवससुद्धा टक्केवारीत गैरहजरच मोजला जातो. "पण मॅडम, मी तर अर्ज दिला होता!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. मग अर्ज द्यायचा कशाला? एक म्हणजे, न सांगता गायब झालेलं मूल आणि सांगून गेलेलं मूल यांत शाळा फरक करते, आणि करायलाच हवा. दुसरं, हजेरी खरोखर कमी पडली तर ती माफ करून घेण्यासाठी तोच कागद पुढे जातो. सीबीएसईच्या नियमांत माफीची कारणं दिलेली आहेत: लांबलेलं आजारपण, आई किंवा वडिलांचा मृत्यू, तेवढंच गंभीर दुसरं काही, आणि अधिकृत खेळस्पर्धा किंवा एनसीसी, एनएसएसची शिबिरं. भाच्याचं लग्न त्यात कुठेही नाही. प्रकरण शाळेमार्फत वर जातं, आणि सोबत त्या-त्या वेळचे कागद लागतात. जानेवारीत बसून जुलैचे कागद तयार करता येत नाहीत. निदान सरळमार्गानं नाही.

अर्ज कसा द्यायचा

शाळा हिंदी माध्यमाची असेल तर अर्ज हिंदीत. प्राचार्यांच्या नावे लिहा, पण द्या वर्गशिक्षकांच्या हातात. मुलाचं नाव, वर्ग, सेक्शन आणि स्कॉलर नंबर, म्हणजे शाळेच्या प्रवेश रजिस्टरातला मुलाचा क्रमांक. हा स्कॉलर नंबर लोक हमखास विसरतात, आणि एका वर्गात दोन आदित्य आणि तीन वैष्णवी असल्या की त्याशिवाय निभाव लागत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कारण एका ओळीत, पालकाची सही आणि चालू असलेला मोबाइल नंबर. बस. "सविनय निवेदन है" च्या पुढे दोन पानं लिहायची गरज नाही. एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर देतानाच सही आणि तारीख घ्या.

सकाळी वर्गशिक्षिकेला व्हॉट्सॲप केलंत तर चांगलंच, पण ते कळवणं झालं, नोंद नाही. मूल परत येईल त्या दिवशी कागद दप्तरात असायला हवा. सीबीएसईनं 2025 मध्ये आपल्या शाळांना हेच बजावलंय: आजारपणाची रजा असेल तर ती संपताच अर्ज आणि वैद्यकीय कागद, इतर रजेसाठी कारणासह लेखी विनंती.

कारण खरं लिहा. "पोटदुखी" लिहून मुलीला जळगावच्या लग्नाला नेलंत, आणि दुपारी तुमच्याच स्टेटसवर ती नऊवारीत फोटो काढून घेतेय. वर्गशिक्षिकेचा नंबर तुमच्या मोबाइलमध्ये आहे हे तरी आठवायचं. लग्न लिहिलंत तर कोणी फाशी देत नाही. खोटं आजारपण लिहिलंत तर खऱ्या आजारपणाच्या वेळी तुमच्या कागदाकडे संशयानं बघितलं जातं, एवढंच.

आजारपण

तीनेक दिवसांच्या वर गेलं तर डॉक्टरांकडून दाखला घ्याच. त्यावर आजाराचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, आणि शाळेत जायला तब्येत ठीक आहे अशी ओळ असावी. एमवायला, म्हणजे सरकारी मोठ्या दवाखान्यात, दाखवलं असेल तर ओपीडीची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट, सगळ्यांच्या झेरॉक्स. दाखला तेव्हाच मागा. मागची तारीख घालून द्यायला चांगले डॉक्टर तयार होत नाहीत, आणि होणाऱ्यांच्या सह्या शाळेत सगळ्यांना पाठ असतात.

उलट बाजूही सांगते. टक्केवारीच्या धास्तीनं कांजिण्या आलेलं मूल शाळेत पाठवणारे पालक मी पाहिलेत. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरीच ठेवा. गालगुंडाला सूज आल्यापासून पाच दिवस. हे खाडे व्हायलाच हवेत. एकाची हजेरी वाचवायला चाळीस जणांना लावून देऊ नका.

आजार महिनोन् महिने चालणारा असेल तर पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांना भेटा. आणि तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय निवडायचा हक्क 2012 च्या दुरुस्तीनं दिलाय. तो पालकांना कोणी आपणहून सांगत नाही. विचारा.

दुपारची हजेरी, गेर आणि झांक्या

हजेरी दोनदा होते, प्रार्थनेनंतर आणि मधल्या सुट्टीनंतर. मोठी मुलं दुसरीच्या वेळी कुंपणावरून पसार होतात आणि आईबापांच्या हिशोबी ती दिवसभर शाळेत असतात. आकडा अनपेक्षित कमी दिसला तर आधी दुपारचा रकाना बघा.

रंगपंचमीला इंदुरात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि कलेक्टरांची स्थानिक सुट्टी असते, तो प्रश्न नाही. प्रश्न अनंत चतुर्दशीचा. गिरण्या बंद पडून जमाना झाला, पण हुकुमचंद, मालवा, राजकुमार मिलच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, रात्रभर चालतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात निम्मे बाक रिकामे. सुट्टीचा आदेश निघालाय का ते बघा, गृहीत धरू नका. पावसामुळे आदेश काढून शाळा बंद ठेवली तर तो दिवस मोजणीतच येत नाही. तुम्हाला पाऊस जास्त वाटला म्हणून घरी ठेवलंत तर येतो.

खो-खो, मल्लखांब, एनसीसी यांसाठी मूल बाहेर गेलं तर आयोजकांचं पत्र जाण्याआधी आणि सहभागाचा दाखला आल्यावर, दोन्ही वर्गशिक्षकांकडे पोचवा. क्रीडाशिक्षक पोचवतील या भरवशावर राहू नका. त्यांच्याकडे सतराशे साठ कामं असतात.

मूलच जात नसेल तर

खाड्यांच्या तारखा कागदावर मांडा आणि वार लिहा. दर सोमवारी? फक्त गणिताच्या तासिकेच्या दिवशी? मुलगी दर महिन्याला ठरावीक दोन-तीन दिवस? मग शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी आणि कडी आहे का ते स्वतः जाऊन बघा, आणि नसेल तर शाळा प्रबंधन समितीत मांडा. त्या समितीत बहुसंख्य पालकच असतात. मार बसत असेल किंवा चारचौघांत अपमान होत असेल, तर आठवीपर्यंतच्या मुलांच्या बाबतीत कलम 17 नं दोन्ही मना आहे. शाळा ऐकत नसेल तर 1098 वर मुलांसाठी चोवीस तास फोन घेतात.

माझ्या नववीतला एक मुलगा पहिल्या दोन तासिकांना कधीच नसायचा. आधी वाटलं आळशी. मग कळलं, वडिलांची सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गाडी, आणि हा रात्री दोनपर्यंत प्लेटा धुतोय. वडिलांना शाळेत बोलावलं असतं तर आले नसते, म्हणून मीच संध्याकाळी सराफ्यात गेले. शनिवारी रात्री मदत, एरवी दहाला घरी, असं ठरलं. सगळं सुरळीत झालं असं नाही म्हणणार, पण हजेरी भरली. चौदा वर्षांखालच्या मुलाला तर घरच्या धंद्यातही शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीतच हात लावता येतो, हे कायद्यातच आहे.

तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं मूल महिनोन् महिने शाळेत गेलं नसेल, तर "आता कोण घेणार" म्हणून बसू देऊ नका. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष शिकवणी मिळण्याचा हक्क आहे. त्या भागातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या जनशिक्षकाला भेटा, शाला त्यागी, म्हणजे शाळा सोडलेल्या, मुलांची यादी त्यांच्याकडेच असते. समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा कुटुंब-सदस्य क्रमांक, जवळ असला तर काम लवकर होतं.

रजिस्टर चुकलं, किंवा गाव बदललं

हजर असून गैरहजर लागलं असेल तर त्याच महिन्यात वर्गशिक्षकांकडे जा. नाही जमलं तर प्राचार्य, मग आसपासच्या शाळांचे संकुल प्राचार्य, मग जिल्हा शिक्षण अधिकारी. 181 ची सीएम हेल्पलाइन शेवटी ठेवा. पहिल्याच दिवशी तिथे तक्रार टाकणाऱ्यांचं काम होतं कधीकधी, पण वर्गशिक्षिका वर्षभर जपून बोलायला लागते, आणि मुलाला रोज तिच्यासमोरच बसायचं असतं.

वर्षाच्या मधेच पुण्याला बदली झाली तर मुलाला नुसतं घेऊन जाऊ नका. टीसी, आतापर्यंतच्या हजेरीचा दाखला, आणि यूडायस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरचा मुलाचा कायमचा क्रमांक, म्हणजे पेन नंबर, लिहून घ्या. इकडच्या शाळेनं पोर्टलवर नाव सोडलं नाही तर तिकडची शाळा ते चढवू शकत नाही. आठवीपर्यंत टीसी उशिरा आली म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. नववीपासून मात्र हे संरक्षण नाही, आणि सीबीएसईची नोंदणी नववी आणि अकरावीतच होते. त्यामुळे दहावी किंवा बारावीत मंडळ बदलायचा विचार असेल तर तो एक वर्ष आधी करा, नाहीतर परीक्षा होईपर्यंत मुलाला इथे आजी-आजोबांकडे राहू द्या.