फाउंड फुटेज भयपटाचं परीक्षण लिहिताना

फाउंड फुटेज म्हणजे पात्रांनीच चित्रित केलेलं आणि नंतर कुणाला तरी सापडलेलं चित्रण, असा आव आणणारा चित्रपट. त्यात मी सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासतो: कॅमेरा कुणाच्या हातात आहे, आणि तो अजून चालू का आहे? जिवाच्या आकांताने पळणारा माणूस हातातलं ओझं टाकून देतो. हा का टाकत नाही, याचं उत्तर कथेतच मिळायला हवं. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये (१९९९) ते मिळतं: कॅमेऱ्यातून पाहिलं की समोरचं तितकंसं खरं वाटत नाही, हे कॅमेरा न सोडणाऱ्या हीदरला तिचा सोबतीच सुनावतो. असं उत्तर नसेल, तर परीक्षणात स्पष्ट लिहा.

कमी बजेटची दया दाखवू नका, त्यावरून नाकंही मुरडू नका. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' (२००७) सुमारे १५ हजार डॉलरमध्ये, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात चित्रित झाला. त्यात नायिका केटी रात्री उठून पलंगाशी नुसती उभी राहते आणि चित्राच्या कोपऱ्यातलं कॅमेऱ्याचं घड्याळ तासन्‌तास पुढे पळतं. खर्च जवळपास शून्य, पण अंगावर काटा येतो! असा प्रसंग सापडला की त्यावर भरपूर लिहा. चौकट कुठे स्थिर आहे, आवाज कधी थांबतो, आपली नजर कुठल्या कोपऱ्यात अडकते, सगळं.

हेडफोन लावून, अंधारात, एका बैठकीत पाहा. मोबाइलवर तर नकोच. नुसतं 'भीती वाटली नाही' हे परीक्षण नव्हे. ताण नेमका कुठल्या दृश्यात सुटला ते सांगा. शेवट मात्र फोडू नका. छोट्या चित्रपटाकडे बहुधा तेवढंच भांडवल असतं.