टॉन्सिलचे ऑपरेशन टाळायचे आहे? मग या चुका टाळा

“कापाकापी नको बघा डॉक्टर, गोड गोळ्यांनी टॉन्सिल विरघळत्यात म्हणं,” असे म्हणत मुलाला पुढे करणारी आई कोल्हापुरातल्या माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी येतेच. गोड गोळ्या म्हणजे होमिओपॅथीचे औषध. ऑपरेशनची तिला वाटणारी भीती मला चुकीची वाटत नाही, कारण वारंवार घसा धरणाऱ्या बहुतेक मुलांना ऑपरेशन लागतच नाही. मात्र ते टाळण्याच्या नादात घरोघरी ज्या चुका होतात, त्यांतल्या काही मुलाच्या हृदयापर्यंत पोहोचतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे काळाने केलेल्या कामाचे श्रेय बाटलीला देणे. टॉन्सिल साधारण तिसऱ्या ते सातव्या वर्षांदरम्यान सर्वांत मोठे दिसतात आणि पुढे वयानुसार आपोआप आक्रसत जातात. घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि आठवडाभरात औषधाविनाही बरी होते. त्यामुळे पाचव्या वर्षी साबुदाण्यासारख्या गोळ्या सुरू केलेल्या मुलाचा त्रास सातव्या वर्षी थांबला, तर गोळ्या लागू पडल्या असे आई-वडिलांना मनापासून वाटते. हानेमान या डॉक्टरांनी 1796 मध्ये जर्मनीत होमिओपॅथीचे तत्त्व मांडले. तिच्यातील ‘30 सी’ या पोटेन्सीचे (पोटेन्सी म्हणजे औषध किती वेळा पातळ केले त्याची खूण) औषध शंभरपट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा करून बनते, म्हणजे एकावर साठ शून्ये इतके ते विरळ होते आणि त्यात मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा होमिओपॅथी खात्रीने गुणकारी ठरते असा एकही आजार तिला आढळला नाही. होमिओपॅथीच्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात आकस नाही. जे मुलाचे शांतपणे ऐकून घेतात आणि ताप उतरेना म्हटल्यावर स्वतःच पुढे पाठवतात, त्यांचा मी आदर करतो. परंतु टॉन्सिल ‘विरघळवणारे’ औषध कोणत्याही पॅथीत नाही.

दुसरी चूक याहून घातक आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला अचानक ताप भरला, सर्दी-खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके आहेत आणि जबड्याखालच्या गाठी दाबल्यावर दुखतात, असे चित्र असेल तर स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची शंका घ्यावी आणि घशाचा स्वॅब तपासून घ्यावा. हा संसर्ग अंगावर काढला, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. त्रास सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू केले, तर हा धोका बहुतांशी टळतो. राधानगरीकडून आलेली अकरा वर्षांची एक मुलगी मला अजून आठवते. तिचा घसा ‘गोड गोळ्यांवर’ ठेवला होता, पाठोपाठ गुडघे सुजले, मग घोटे, आणि ती दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती. आता तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि ते कित्येक वर्षे घ्यावे लागणार आहे.

याची उलट बाजूही आहे. प्रत्येक घसादुखीला अँटिबायोटिक मागणे चूकच, आणि डॉक्टरांनी दहा दिवसांचे दिलेले असताना तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून उरलेली बाटली फ्रीजच्या दारात ठेवून देणे ही त्याहून मोठी चूक.

ऑपरेशनचा निर्णय टॉन्सिलच्या आकारावरून किंवा शेजारणीच्या अनुभवावरून घेऊ नका, मोजदादीवर घ्या. एका वर्षात सात, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन असे घशाचे जोरदार आजार झाले, तर ऑपरेशनचा विचार करावा, असा जगभर वापरला जाणारा निकष आहे. साधी खवखव यात धरत नाहीत. 101 अंशांवरचा ताप, पू, दुखऱ्या गाठी किंवा पॉझिटिव्ह स्वॅब यांपैकी काहीतरी हवे. मी पालकांना भिंतीवरच्या कॅलेंडरवरच तापाचा आकडा लिहायला सांगतो. “सारखाच आजारी असतो” असे म्हणणाऱ्या शाहूपुरीतील एका आईने वर्षाची पाने आणून दाखवली, तेव्हा लाल पेनाच्या खुणा तीनच ठिकाणी होत्या. त्या मुलाचे ऑपरेशन झाले नाही आणि त्याला गोळ्याही लागल्या नाहीत.

घोरण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. मूल झोपेत मोठ्याने घोरते, मध्येच श्वास थांबतो, दचकून उठते, दिवसा पेंगते, असे असेल तर आजारांची संख्या न मोजता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही हा विभाग आहे. तसेच तंबाखू खाणाऱ्या प्रौढाचा एकाच बाजूचा टॉन्सिल वाढला असेल, तर तेथे वाट पाहणे योग्यच नाही.

पुडीतली बिननावाची पावडर घेऊ नका. औषधाचे नाव आणि पोटेन्सी लिहून मागणे हा तुमचा हक्क आहे. सगळीच होमिओपॅथिक औषधे अतिविरळ नसतात. दात येणाऱ्या बाळांसाठीच्या काही होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचे प्रमाण कमी-जास्त आढळल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये जाहीर केले होते. घशात बोट घालून गाठी दाबून घेणे तर कृपया थांबवाच. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, वजनानुसार पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी एवढे पुरते.

तोंड उघडेनासे झाले, लाळ गिळता येईना, आवाज घोगरा होऊन एकाच बाजूला तीव्र दुखू लागले, श्वास घेताना आवाज येऊ लागला किंवा घशात राखाडी, चिकट पापुद्रा दिसला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. पहिली लक्षणे टॉन्सिलमागे पू झाल्याची असू शकतात. पापुद्रा घटसर्पाचा असू शकतो.

आणि एवढे करूनही ऑपरेशन ठरलेच, तर त्यानंतर घशात दिसणाऱ्या पांढऱ्या थराला पू समजून घाबरू नका. ती भरत आलेली जखम असते. पाचव्या ते दहाव्या दिवसांदरम्यान ती खपली सुटताना रक्तस्राव होऊ शकतो आणि थुंकीत ताजे रक्त दिसले तर लगेच रुग्णालयात जावे लागते. म्हणून चंदगड, आजरा अशा लांबच्या तालुक्यांतल्या पालकांना मी आग्रहाने सांगतो, की तेवढे दिवस मुलाला घेऊन कोल्हापुरातच नातेवाइकांकडे राहा.