इंटेल आणि एम-१ वर नमपायचा वेग मोजताना

नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकटीचा) गुणाकार चालवून इंटेल आणि मॅकमधला एम-१ या दोन प्रोसेसरांची तुलना केली, की बऱ्याचदा मोजली जाते ती खालची ब्लास, म्हणजे मॅट्रिक्सची गणितं करणारी लायब्ररी. गुणाकाराचं खरं काम ओपनब्लास, इंटेलची एमकेएल किंवा अ‍ॅपलची अ‍ॅक्सिलरेट करते. म्हणून आधी दोन्ही यंत्रांवर नमपायचं शो-कॉन्फिग (जोडलेल्या लायब्ररी दाखवणारं फंक्शन) चालवा आणि ब्लासचं नाव लिहून ठेवा. मॅकवर पायथनला मशीनचा प्रकारही विचारा. उत्तर आर्म-६४ (एम-१ चा प्रकार) ऐवजी एक्स-८६ (इंटेलचा) आलं, तर पायथन रोझेटामधून, म्हणजे इंटेलचे प्रोग्रॅम एम-१ वर चालवणाऱ्या अनुवादकातून चालतोय. आर्मचा पायथन बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली फेरी दोन्हीकडे ओपनब्लासवर घ्या. दुसऱ्या फेरीत मॅकवर अ‍ॅक्सिलरेट, इंटेलवर एमकेएल. अ‍ॅक्सिलरेट एम-१ मधलं मॅट्रिक्ससाठीचं वेगळं सहप्रोसेसर वापरते, त्यामुळे हे आकडे पहिल्या फेरीत मिसळू नका.

४००० × ४००० च्या दोन फ्लोट-६४ (प्रत्येक आकडा ६४ बिटांचा) मॅट्रिक्स घ्या. प्रत्येकी १२८ एमबी. त्या तयार करण्याचा वेळ मोजायचा नाही. पहिला गुणाकार सोडून द्या, पुढच्या सातांचा मध्यक घ्या. एका गुणाकारात २ × ४०००³, म्हणजे १२८ अब्ज क्रिया होतात. २ सेकंद लागले तर वेग ६४ गिगाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ६४ अब्ज क्रिया.

सगळ्यात जास्त घोटाळा थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांमध्ये होतो. ओपनब्लासची थ्रेडसंख्या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, नमपाय इम्पोर्ट होण्याआधी ठरवा. नंतर बदललेली संख्या ओपनब्लास वाचत नाही. आधी एक थ्रेड, मग जितके खरे कोअर तितके. हायपरथ्रेडिंगचे (एका कोअरवर दोन) दुप्पट थ्रेड इथे उपयोगाचे नाहीत, कारण दोन्ही थ्रेड त्याच गणित-युनिटांवर येतात. एम-१ वर ४ कोअर वेगवान आणि ४ हळू असल्याने ४ आणि ८ दोन्ही मोजा.

आकडा पटतो का, तेही पाहा. दोन एफएमए युनिटं (गुणाकार आणि बेरीज एकत्र करणारी) असलेला इंटेलचा एव्हीएक्स-२ कोअर (एका वेळी चार फ्लोट-६४ आकडे हाताळणारा) एका सायकलला १६ क्रिया करतो, म्हणजे ३ गिगाहर्ट्झला कमाल ४८ गिगाफ्लॉप्स. एका थ्रेडवर १५० दिसले तर थ्रेडची मर्यादा लागलेली नाही. १५ च दिसले तर ब्लासने प्रोसेसर ओळखलेला नाही, किंवा लॅपटॉप तापून वेग उतरलाय. चार्जर लावूनच मोजा.

दोन्ही यंत्रांची उत्तरं शेवटच्या अंकापर्यंत जुळणार नाहीत, कारण बेरजेचा क्रम बदलतो. बरोबरीचं चिन्ह न वापरता नमपायच्या ऑलक्लोजने (थोडा फरक चालवून घेणाऱ्या तुलनेने) तपासा.