निसरड्या रस्त्यावर दुचाकी घसरते तेव्हा

नाशिकमध्ये जूनच्या पहिल्या सरींना रस्ता जितका निसरडा होतो, तितका तो जुलैच्या संततधारेतही नसतो. उन्हाळाभर डांबरावर साचलेली धूळ, टायरच्या रबराचा चुरा आणि गाड्यांमधून ठिबकलेले ऑइल हे सारे पहिल्या भुरभुरीत भिजून बुळबुळीत होते आणि दोन-तीन जोरदार सरींनी धुऊन निघेपर्यंत रस्त्यावर तसेच पसरलेले राहते. त्यामुळे बराच खंड पडून पाऊस सुरू झाला, तर पहिली पंधरा-वीस मिनिटे आडोशाला थांबणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. ज्यांना कामाची पाळी गाठण्यासाठी निघावेच लागते, त्यांच्यासाठी पुढील माहिती आहे.

पाऊस नसतानाही आपल्या भागात घसरण्याच्या जागा पुष्कळ आहेत. दिंडोरी आणि निफाडकडच्या रस्त्यांवर शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर काळ्या मातीचे गोळे डांबरावर सोडत जातात आणि त्यावर दवाइतका ओलावा आला तरी चाक धरत नाही. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर क्रेटमधून सांडलेला माल चिरडून पडलेला असतो. गोदावरीचा पूर ओसरून दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली मूर्ती, जिच्यावरून नाशिककर पुराची पातळी ओळखतात) पुन्हा पायापर्यंत मोकळा झाला, की गोदाघाटालगतच्या रस्त्यांवर बारीक गाळ उरतो. तो वरून वाळलेला दिसतो, पण आतून ओलाच असतो. कसारा घाटात, विशेषतः चढावरच्या वळणांवर, काठोकाठ भरलेल्या टाक्यांमधून डिझेल सांडते. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुष्यी रंगांची तकाकी दिसणे किंवा डिझेलचा वास येणे ही त्याची खूण आहे. ती दिसताच वेग आधीच कमी करावा, गाडी सरळ उभी ठेवावी आणि त्या पट्ट्यावरून जाताना ब्रेक दाबू नये, थ्रॉटल वाढवू नये आणि हँडल वळवू नये. झेब्रा पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि खोदकामावर टाकलेल्या पत्र्याच्या प्लेटा यांनाही हाच नियम लागू आहे.

ब्रेकविषयी आपल्याकडे एक घातक समजूत खोलवर रुजलेली आहे. ‘पावसात पुढचा ब्रेक लावायचा नाही’ असे वडीलधारी माणसे काळजीपोटी सांगतात आणि मुले केवळ मागच्या ब्रेकवर गाडी चालवायला शिकतात. प्रत्यक्षात वेग कमी होऊ लागला की गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते आणि थांबवण्याचे बहुतेक काम तेच चाक करते. मागचे चाक हलके झालेले असते, म्हणून ते लगेच लॉक होते, म्हणजे फिरायचे थांबून नुसते घसरू लागते. दोष पुढच्या ब्रेकचा नसून तो झटक्याने आवळण्याचा आहे. दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत. पुढचा हळूहळू, लिंबू पिळताना दाब वाढवतो तसा वाढवत न्यावा. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी लागणारे अंतर सुमारे चौपट होते आणि ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते, त्यामुळे पुढच्या वाहनापासूनचे अंतरही त्याच हिशेबाने ठेवावे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. अशा गाडीत जोरात ब्रेक लावल्यावर लिव्हर थरथरते. ती थरथर म्हणजे बिघाड नव्हे, म्हणून घाबरून ब्रेक सोडू नये. मात्र गाडी वळणात झुकलेली असताना साध्या एबीएसच्या भरवशावर राहू नये. लहान गाड्यांमध्ये बहुधा असणारी सीबीएस यंत्रणा दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावते, पण चाक लॉक होणे रोखत नाही.

घसरण सुरू झालीच, तर कोणते चाक सुटले हे आधी ओळखावे लागते. पुढचे चाक लॉक झाले असेल तर हँडल एकाएकी हलके आणि निर्जीव वाटते. अशा वेळी पुढचा ब्रेक तत्क्षणी सोडावा, चाक फिरू द्यावे आणि मग हलक्या बोटांनी पुन्हा लावावा. येथे हातात क्षणभरच वेळ असतो. मागचे चाक लॉक होऊनही गाडी सरळ रेषेत जात असेल, तर मागचा ब्रेक अलगद सैल करावा. परंतु मागची बाजू एका अंगाला सरकून गाडी तिरकी झाली असेल, तर तो ब्रेक एकदम सोडू नये. चाकाला अचानक पकड मिळाली की गाडी झटक्याने सरळ होते आणि चालकाला विरुद्ध बाजूला उंच भिरकावते. ती इजा साध्या घसरण्यापेक्षा कितीतरी गंभीर असते. त्यापेक्षा मागचा ब्रेक गाडी थांबेपर्यंत धरून ठेवावा आणि नजर खड्ड्याकडे न ठेवता जिकडे जायचे आहे त्या मोकळ्या जागेकडे ठेवावी. ओल्या उतारावर घाईने गिअर खाली टाकल्यामुळे चाक घसरले असेल तर क्लच दाबणे पुरते. स्कूटरला तीही सोय नाही, म्हणून स्कूटरचालकाने उतारावर थ्रॉटल हळूच सोडावा. हे सारे वाचून हाताला वळण लागत नाही. मोकळ्या मैदानात, कमी वेगात आणि हेल्मेट घालून ब्रेकचा सराव केला पाहिजे.

गाडी हातातून गेल्यावर तिला धरून ठेवू नये. ती पुढे घसरत जाते आणि धरणाऱ्यालाही ओढून नेते. हनुवटी छातीकडे घ्यावी, कोपरे दुमडलेली ठेवावीत आणि तळहात टेकवून पडणे थांबवण्याचा प्रयत्न करू नये. त्र्यंबक रोडवर ओल्या कचेवरून माझी गाडी घसरली तेव्हा मी नेमका तळहातच टेकवला. मनगटाला फारशी सूज नव्हती, म्हणून दोन आठवडे दुखणे अंगावर काढले. अंगठ्याच्या मुळाशी असलेले बारीक हाड मोडल्याचे त्यानंतर कळले. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दाबल्यावर दुखत असेल तर सूज नसली तरी एक्स-रे काढून घ्यावा आणि पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही तरी दुखणे राहिल्यास पुन्हा दाखवावे, हे मी कळकळीने सांगतो.

आपण पूर्ण थांबलो आहोत याची खात्री झाल्याशिवाय उठू नये. घसरत असतानाही आपण थांबलो असे वाटू शकते. उठल्यावर गाडीकडे नव्हे, तर मागून येणाऱ्या वाहनांकडे पाहावे आणि प्रथम स्वतः रस्त्याच्या कडेला जावे. मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा चालक अर्धवट शुद्धीत असेल, तर त्याला हलवू नये, हेल्मेट ओढून काढू नये आणि पाणी पाजू नये. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. त्याचा श्वासच अडला असेल किंवा वाहनांखाली येण्याचा धोका असेल, तर मात्र डोके व मान एका रेषेत सांभाळून शक्य ती मदत करावी. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे: मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 134अ हे कलम आले असून त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

खरचटलेली जागा वाहत्या स्वच्छ पाण्याने कण निघेपर्यंत धुवावी, तिच्यावर हळद किंवा माती लावू नये आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. डोक्याला मार बसला असेल तर किमान एक दिवस कोणीतरी सोबत राहावे; उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास क्षणाचाही विलंब करू नये. हँडलचे टोक पोटात लागले असेल तर वरून खूण नसली तरी आत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून तपासणी करून घ्यावी.

पडलेली गाडी उचलण्याआधी इंजिन बंद करावे. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा. पहिला गिअर टाकावा, गाडीकडे पाठ करून खाली बसावे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने सीटखालचा मजबूत भाग धरून कमरेच्या नव्हे, तर पायांच्या जोरावर उठावे. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक, थ्रॉटल सोडल्यावर परत येतो का, हँडल चाकाच्या रेषेत आहे का, पेट्रोल किंवा ऑइल गळते का, हे पाहावे. यांपैकी एकाबाबत जरी शंका असली तरी गाडी चालवत घरी नेऊ नये. आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला थर्माकोलचा थर दबलेला असतो, त्यामुळे ते बदलावे.

रस्त्यावरचे ऑइल किंवा डिझेल मात्र तिथेच राहते आणि पाठीमागून दुसरा कोणीतरी येतच असतो. सुरक्षितपणे शक्य असेल तर त्यावर कोरडी माती किंवा वाळू टाकावी, 112 वर कळवावे आणि वळणाच्या बऱ्याच अलीकडे, कडेला, झाडाची मोठी हिरवी फांदी ठेवावी. घाटातल्या चालकांना ती खूण दुरूनही समजते. रस्ता साफ झाल्यावर ती फांदी आठवणीने बाजूला काढावी.