‘रिझल्ट आला तरच पैसे’ म्हणताय? मग या चुका टाळा

ऑनलाइन जाहिरातीत क्लिकचे पैसे भरून वैतागलेला दुकानदार कधीतरी म्हणतोच, “आता ऑर्डर आली तरच पैसे देणार.” सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या टेबलावर हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. मागणी रास्तच आहे. पण ‘आली’ म्हणजे नक्की काय, हे न ठरवताच व्यवहार पक्का होतो आणि पुढं भांडणं लागतात.

तासगावच्या एका बेदाणेवाल्यांनी लीडमागं, म्हणजे जाहिरातीचा फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाच्या नाव-नंबरामागं, 60 रुपये ठरवले होते. महिन्यात वहीत 43 नंबर जमले. विक्री दिसेना, म्हणून एका शनिवारी आम्ही दोघं फोन लावत बसलो. 11 नंबर लागलेच नाहीत. 9 जण म्हणाले, “आम्ही कुठं फॉर्म भरला?” 6 जण स्वतःच बेदाणा विकणारे, नुसता भाव काढत होते, त्यातल्या एकानं तर उलट आम्हालाच विचारलं, “कालचा सौदा कितीला निघाला?” उरले 17, माल घेतला 4 जणांनी. 2,580 रुपये गेले, म्हणजे एक गिऱ्हाईक 645 ला पडलं.

जाहिरात करणाऱ्यानं इथं फसवलं नव्हतं. बोली फॉर्मची होती, त्यानं फॉर्म आणून दिले. फेसबुकच्या फॉर्ममध्ये नाव-नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरला जातो, कधी जुना, बंद पडलेला. बोट लागलं की लीड तयार. म्हणून फॉर्ममध्ये निदान एक प्रश्न असा ठेवा, जो हातानं टाइप करावा लागेल: “किती किलो हवा?” आणि पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासायला लावणारा फॉर्मचा प्रकार निवडा. लीड कमी येतील, येऊ द्या.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. फेसबुकवर ‘लीड्स’ हे उद्दिष्ट निवडलं म्हणजे पैसे लीडमागं कटतात असं नाही. मशीन लीड देतील अशी माणसं शोधतं, पैसे मात्र साधारणपणे जाहिरात दिसण्याचे जातात. गुगलवर ‘टार्गेट सीपीए’ (एका निकालामागं किती खर्च चालेल तो आकडा) 100 टाकला तरी सर्चमध्ये बिल क्लिकचंच येतं. 100 ही मशीननं गाठायची सरासरी, एखादी लीड 40 ला तर एखादी 220 ला पडते. खरोखर निकालावर पैसे हवे असतील तर तो करार एजन्सीशी किंवा कमिशनवर विकणाऱ्याशी करावा लागतो. क्लिकची जोखीम मग त्याच्या डोक्यावर जाते, म्हणून त्याचा दरही चढा असतो.

बजेटचंही तसंच. एका अ‍ॅड सेटला, म्हणजे एकत्र लावलेल्या जाहिरातींच्या गटाला, आठवड्यात साधारण 50 निकाल मिळाले की मेटाचं (फेसबुकच्या कंपनीचं) मशीन स्थिरावतं. दिवसाला 300 रुपये आणि ऑर्डर 150 ला पडत असेल तर आठवड्यात 14च होतात. अशा वेळी आधी व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर जाहिरात चालवा, ऑर्डरचं नंतर बघू.

कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांनी तर ‘ऑर्डर पडली’वर कमिशन ठरवूच नये. समजा एका डब्यामागं सुटतात 110 आणि कमिशन 80. दहा ऑर्डर पडल्या, तीन परत आल्या. सात डब्यांचे मिळाले 770, कमिशन गेलं 800. परतीच्या पार्सलांचं कुरिअर वेगळंच. पैसे हातात आल्यावरच मोजायचं, असं लिहून घ्या.

आणि हे बघाच: तुमच्या दुकानाच्याच नावावर जाहिरात लावून, एरवीही येणाऱ्या गिऱ्हाइकाचं कमिशन कुणी घेत नाही ना? लोकांनी काय शोधल्यावर जाहिरात दिसली ते सांगणारा गुगलचा सर्च टर्म्स रिपोर्ट मागा. नाव तुमचं आणि कमिशन त्याचं, असं दिसलं की ती ऑर्डर वजा करायची. जाहिरातीचं अकाउंट मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्याच नावावर हवं.

वही आणि स्क्रीनचा आकडा जुळत नसेल तर लगेच चोरीचा संशय घेऊ नका. गुगलमध्ये कन्व्हर्जनच्या (लीड किंवा ऑर्डर मोजण्याच्या) सेटिंगमध्ये ‘प्रत्येक’ असेल तर एकाच माणसानं तीनदा भरलेला फॉर्म तीन धरला जातो. लीडसाठी ‘एक’ ठेवा. गुगल निकाल क्लिकच्या तारखेला मांडतं, त्यामुळं आजची ऑर्डर गेल्या शुक्रवारच्या खात्यात दिसू शकते. फोन पुण्याहून येत असतील तर लोकेशन बघा: ठिकाणात ‘रस असलेले’ लोकही मुळातच धरलेले असतात, ते काढा.

एकदा माझंही बुडालं. एका क्लासवाल्यांना चांगल्या लीड दिल्या, पण सर रात्री आठला मोबाइल हातात घेणार. तोवर पालकांनी दुसरीकडं प्रवेश घेतलेला, आणि माझ्या लीड ‘बोगस’ ठरल्या. तेव्हापासून करारात एक ओळ असते: 48 तासांत कारणासह बाद कळवली नाही, तर लीड धरली जाईल.