तापल्यावर मिसिंग मारणारी सीएनजी पिकअप: पार्ट बदलण्याआधी त्याची जागा बदला

मागच्या सीझनला नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेणारे एक मामा गाडी घेऊन आले. चार सिलिंडरची छोटी पिकअप, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालणारी. सीटखालून पिशवी काढून त्यांनी माझ्या बाकड्यावर ओतली. आठ प्लग (ठिणगी पाडणारे), दोन कॉइल (प्लगला वीज पुरवणाऱ्या), एक सेन्सर. तीन ठिकाणी हे सगळं बदलून झालेलं, आणि गाडी माळशेजला पोचेपर्यंत तीन सिलिंडरवर यायची ती यायचीच. "मिस्तरी, आता इंजिनच तेवढं बदलायचं राहिलंय," म्हणाले.

पाना उचलायच्या आधी मी विचारून घेतो. थंड असताना मिस मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरात इंधन पेटायचं राहतं, की तापल्यावर? आयडलला (उभ्या गाडीत नुसतं इंजिन चालू असताना) की लोडवर? गॅसवर, पेट्रोलवर, की दोन्हीवर? दोन इंधनांची गाडी असली की निम्मं काम या शेवटच्या प्रश्नातच होतं. नुसती पेट्रोलवर अडखळत असेल तर वर्षभर न वापरलेले पेट्रोल इंजेक्टर (इंधन फवारणारे) चिकटलेले असू शकतात. नुसती गॅसवर अडखळत असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर बघा. पण त्याआधी प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, बघा. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त जोर लागतो. कमजोर कॉइल किंवा गॅप वाढलेला प्लग पेट्रोलवर खपून जातो, गॅसवर उघडा पडतो. दोन्हीवर सारखीच मिस मारत असेल तर इंधनावरचा संशय कमी करा. मामांची गाडी दोन्हीवर, तापल्यावर, आणि घाट चढून टपरीपाशी उभी केली की आख्खी केबिन हलवायची.

मग स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा. मोबाइलला जोडायचा साधा मिळतो, तोही चालतो. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे कोणता सिलिंडर ते कळलं. पी०३०० म्हणजे एक ठरावीक नाही. तेव्हा हवा कुठून खेचतेय का, इंधनाचं प्रेशर, असं सगळ्या सिलिंडरांना लागू होणारं काहीतरी शोधायचं. मामांचा कोड पी०३०३, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी तशीच रेटू नका. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतं आणि तो बाद होतो.

आता मुख्य गोष्ट. नवा पार्ट आणू नका, आहे तोच हलवा. तीन नंबरची कॉइल दोनवर, दोनची तीनवर. कोड पुसा आणि ज्या चढावर मिस मारते त्याच चढावर, तेवढीच तापवून गाडी चालवा. दारात रेस करून काही कळत नाही. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. तीनवरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल, तशीच चक्कर. प्लग काढला की पांढऱ्या चिनीमातीवर काळी रेघ आहे का, प्लग बसतो त्या खड्ड्यात ऑइल किंवा पाणी साचलंय का, ते बघा. इंजेक्टरचा रोध मीटरवर मोजून बाकी तिघांशी ताडा. बहुतेक ठिकाणी १२ ते १६ ओहम येतो. इंजिन चालू ठेवून वायरिंग हाताने हलवा, विशेषतः कॉइलच्या सॉकेटपाशी. लॉक तुटलेलं सॉकेट रस्त्यावरच्या खड्ड्यात संपर्क सोडतं आणि गॅरेजमध्ये शहाण्यासारखं वागतं.

जुन्या सवयीने चालू इंजिनाच्या प्लगची वायर उपटायची मात्र नाही. झटका बसतो तो बसतो, वर कॉइलही जाऊ शकते.

मामांच्या गाडीत काहीही हललं नाही. कोड तीनवरच. कॉइल, प्लग हलवून, बाकी सगळं तपासूनही दुखणं जागेवरच राहिलं, की ते बहुधा इंजिनाच्या आत असतं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, बघताना इंजिन गरम हवं, बॅटरी भरलेली, चारही प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलची सॉकेटं काढलेली, सीएनजीचा हातव्हॉल्व बंद. गॅसच्या लाइनला हात लावू नका. टाकीत २०० बारपर्यंत प्रेशर असतं, ते काम गॅस किटवाल्याचं. एक्सलेटर पूर्ण दाबून पाच-सहा वेळा स्टार्टर फिरवायचा. तीन सिलिंडरांना १७५ ते १८० पीएसआय आलं, तीन नंबरला ११०. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. आकडा चांगला वर गेला असता तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. ११५ वर थांबला. म्हणजे गळती वरून, बहुधा व्हॉल्वमधून.

इंजिन थंड होऊ दिलं, टॅपेट (व्हॉल्व दाबणारे भाग) झाकणारं कव्हर काढलं. तीनच्या एक्झॉस्ट व्हॉल्वला, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्याला, फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) ०.०५ मिलिमीटरचं पातंसुद्धा शिरेना. सीएनजी कोरडा जळतो, व्हॉल्वची सीट झिजते, व्हॉल्व हळूहळू हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) वर सरकतो आणि क्लिअरन्स, म्हणजे टॅपेट आणि व्हॉल्वमधली फट, संपतो. तापला की व्हॉल्व लांबतो आणि पुरता मिटतच नाही. गंमत अशी की टॅपेट या वेळी अजिबात वाजत नाहीत, आणि ड्रायव्हर त्यावर खूश असतो.

कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा घेऊन, थंड इंजिनावर, आठही टॅपेट सेट केले. यात फट जुळवायला स्क्रू होते. काही इंजिनांत शिम (पातळ चकत्या) असतात, टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर आपोआप जुळणारे, असले तर हे सेटिंगच नसतं. पुन्हा कॉम्प्रेशन घेतलं, १६५. व्हॉल्व जळायच्या आत सापडलं. तो आकडा वर आला नसता तर हेड उतरवावं लागलं असतं.

माळशेज करून मामांचा फोन आला. गाडी उचलतेय, म्हणाले, पण वरून टकटक ऐकू येतेय, तेवढी बंद करून द्या. मी नाही म्हटलं. आता दर दहा हजार किलोमीटरला येतात, मी पातं घालून बघतो, आणि ते दर वेळी टकटकीबद्दल कुरकुरतात.